छपाईची पोच

युनिक्स या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारे तिच्या जनकांच्या बुद्धिवैभवाविषयी पुष्कळ लिहितात. परंतु त्या प्रणालीला पहिला आश्रय मिळाला तो मजकूर कागदावर नीटनेटका उतरवून हवा असणाऱ्या लोकांमुळे, ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांना पीडीपी-११ जातीचे नवे यंत्र हवे होते, आणि ते पदरात पडावे म्हणून मजकूर जुळवून छापण्याची सोय करून देण्याचे आश्वासन देण्यात आले. त्याप्रमाणे १९७१ मध्ये संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखक आपले अर्ज युनिक्सवर तयार करू लागले. तेव्हा छपाई ही त्या प्रणालीला मागाहून जोडलेली गौण सोय नव्हे. जेथे अनेक माणसे एकाच वेळी काम करतात आणि कागद ओढणारे यंत्र मात्र एकच असते, तेथे कोणाचा मजकूर आधी आणि कोणाचा नंतर, मध्येच काही बिघडले तर निस्तरायचे कोणी, आणि छापून झालेल्या मजकुराची प्रत कोणाच्या ताब्यात राहायची, हे प्रश्न आरंभापासून होते व आजही आहेत.

या प्रश्नांवर दोन व्यक्तींचे म्हणणे येथे समोरासमोर मांडले आहे. मामा एका संशोधनसंस्थेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले आहेत. भाची एका महाविद्यालयातील संगणकांची व्यवस्था पाहते. दोघांची घडण युनिक्सच्याच परंपरेत झाली असूनही त्यांची मते जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे पाहण्यासारखे आहे.

भाची : मामा, महाविद्यालयातील छपाईच्या नव्या व्यवस्थेचा मसुदा मी तयार केला आहे. त्यातले मुख्य कलम असे की, छपाईचा मध्यवर्ती सर्व्हर काढून टाकायचा. प्रत्येक संगणकाने नेटवर्कवरील प्रिंटर स्वतः शोधावा, त्याला काय काय करता येते ते त्यालाच विचारावे आणि मजकूर थेट त्याच्याकडे पाठवावा. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला; मायकेल स्वीट यांनी उभारलेली कप्स ही छपाईव्यवस्था त्याच्यावरच आधारलेली आहे; आणि २०१३ मध्ये ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक ठरल्यापासून, ते पाळणाऱ्या प्रिंटरसाठी वेगळा ड्रायव्हर धुंडाळण्याची गरज उरलेली नाही. ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेला रांगेचे नाव, प्रिंटरचा पत्ता आणि ‘एव्हरीव्हेअर’ हा एक शब्द दिला की काम संपते.

मामा : काम संपते की दृष्टीआड होते, एवढीच माझी शंका आहे. मी कारभार पाहत होतो तेव्हा बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतील व्यवस्था आमच्याकडे होती. ‘इटीसी’ निर्देशिकेत ‘प्रिंटकॅप’ नावाची फाइल असे, आणि तिच्यात प्रत्येक प्रिंटरची नोंद अपूर्णविरामांनी तोडलेल्या दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपांत करावी लागे : एलपी म्हणजे यंत्र संगणकाला कोठे जोडले आहे, एसडी म्हणजे छापायचा मजकूर साठवणारी त्याची स्पूल-निर्देशिका कोणती, आयएफ म्हणजे मजकूर कोणत्या फिल्टरमधून जावा, एलएफ म्हणजे दोषांची नोंद कोठे व्हावी, एमएक्स म्हणजे केवढी फाइल स्वीकारावी, आणि प्रिंटर दुसऱ्या यंत्राकडे असल्यास आरएम व आरपी म्हणजे त्या यंत्राचे व तेथील रांगेचे नाव. ही नोंद लिहिणाऱ्याला मजकूर कोणत्या वाटेने कागदापर्यंत जाणार याचा प्रत्येक टप्पा माहीत असावा लागे, आणि म्हणूनच वाट अडली तर कोठे पाहावे हेही त्याला माहीत असे. ज्या व्यवस्थेत काही लिहावेच लागत नाही, तिच्यात काय ठरले आहे हे वाचायचे कोठे?

भाची : परंतु त्या फाइलीत लिहिलेले यंत्राविषयीचे ज्ञान ऐकीव होते. पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ मध्ये आली, पुढच्याच वर्षी लेझररायटर बाजारात आला, आणि मग प्रत्येक जातीच्या प्रिंटरचे वर्णन करणाऱ्या पीपीडी फाइलींचा काळ सुरू झाला. उत्पादकाने आधीच लिहून ठेवलेले ते वर्णन. पुढे कोणी कागदाचा दुसरा खण बसवला, कोणी दोन्ही बाजूंनी छापण्याचे उपांग काढून टाकले, तरी फाइल आपले जुनेच सांगत राही, आणि ती दुरुस्त करण्यासाठी व्यवस्थापकाला प्रत्येक संगणकापाशी जावे लागे. आयपीपीमध्ये प्रिंटरलाच विचारता येते : कोणत्या आकाराचा कागद आहे, रंग आहे का, कोणत्या स्वरूपाची फाइल तुला वाचता येते. प्रिंटरविषयी प्रिंटरहून अधिक अधिकाराने कोण बोलणार? कप्सच्या कर्त्यांनीही पीपीडी आणि जुन्या धर्तीचे ड्रायव्हर यांच्या निवृत्तीची घोषणा केलेली आहे.

मामा : हे मला बिनतक्रार मान्य आहे. यंत्राचे वर्णन यंत्राकडून घ्यावे. ते हाताने लिहिण्यात आम्ही आयुष्याचा जो भाग खर्च केला, तो पुढच्या पिढीने करू नये. परंतु मी सांगितलेली यादी पुन्हा पाहा. यंत्र कोठे जोडले आहे ही वस्तुस्थिती झाली; केवढी फाइल स्वीकारावी, दोषाची नोंद कोठे ठेवावी, हे निर्णय आहेत. प्रिंटर आपला खण ओळखतो. परीक्षा विभागाचा कागद ग्रंथालयाच्या कागदाआधी जावा की नाही, हे त्याला ओळखता येणार नाही. वस्तुस्थिती आणि निर्णय एकाच फाइलीत राहत असत, हा जुन्या व्यवस्थेचा दोष खरा. पण वस्तुस्थिती आपोआप कळू लागली म्हणून निर्णयही आपोआप होतील, असे समजणे हा त्याहून मोठा दोष होईल.

भाची : निर्णय नको असे मी म्हणत नाही. त्यासाठी मध्ये एक सर्व्हर बसवलाच पाहिजे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मामा : त्याचे उत्तर सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या कर्त्यांनी चार आज्ञांत देऊन ठेवले आहे. ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘रिजेक्ट’ या आज्ञा रांगेला लागू होतात, ‘एनेबल’ आणि ‘डिसेबल’ या यंत्राला. प्रिंटर दुरुस्त व्हायचा आहे आणि तासाभरात चालू होणार आहे, तर तो ‘डिसेबल’ करावा : लोक मजकूर देत राहतात, रांग वाढते, आणि यंत्र चालू झाले की रांगेतील कामे छापली जाऊ लागतात. तोच प्रिंटर कायमचा काढायचा असेल, तर आधी ‘रिजेक्ट’ करावे : रांगेत जे असेल ते छापले जाते, नवे मात्र घेतले जात नाही. स्वीकारणे आणि छापणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हा स्पूलिंगचा मूलाधार आहे. आपल्या कचेऱ्यांतील बारनिशीचा कारकून अर्जावर निर्णय देत नाही. तो अर्ज घेतो, नोंदवहीत चढवतो, क्रमांक घालतो आणि पोच देतो, आणि त्या पोचीनंतर अर्ज गहाळ झाला तर तो अर्जदाराचा अपराध राहत नाही. ‘एलपी’ ही आज्ञा दिल्यावर रांगेच्या नावासह जो क्रमांक परत येतो, ती हीच पोच. तो क्रमांक हाती आला की माणूस आपल्या दुसऱ्या कामाला लागतो, कारण इतःपर जबाबदारी व्यवस्थेने पत्करलेली असते. तुझ्या योजनेत ही पोच कोण देणार?

भाची : प्रिंटर स्वतः देईल. तुम्ही सांगितलेला भेद आयपीपीने टाकून दिलेला नाही. उलट त्याला प्रमाणित रूप दिले आहे. प्रिंटर मोकळा आहे, काम करतो आहे की थांबला आहे, ही एक नोंद. आणि तो नवे काम स्वीकारतो आहे की नाही, ही अगदी वेगळी नोंद. प्रत्येक कामाच्याही सात अवस्था निश्चित केलेल्या आहेत : प्रतीक्षेत, रोखून ठेवलेले, चालू, चालू असता थांबलेले, मागे घेतलेले, दोषामुळे सोडून दिलेले आणि पूर्ण झालेले. याच्याशी तुमच्या काळची एलपीडी ताडून पाहा. बर्कलीतील ती पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात लिहून निघाली खरी; पण रांगेची स्थिती विचारली असता काय उत्तर यावे याचे नेमके स्वरूप तिच्यात ठरवलेलेच नव्हते; जो तो आपल्याला सुचेल तसा मजकूर पाठवी, आणि तो वाचून अर्थ लावणे माणसाकडे राही. विनंती ७२१ ते ७३१ या अकरा पोर्टांपैकी एकावरून आली म्हणजे ती विश्वासार्ह, अशी तिची सुरक्षेची कल्पना होती. आणि ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर मजकूर नुसता ओतण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रुळली, तिला तर ‘काम’ ही संकल्पनाच ठाऊक नाही. अशा साधनांनी थेट छपाई करणे म्हणजे अनागोंदी होती, हे मी मान्य करते. पण साधन पालटले असताना निष्कर्ष तोच का ठेवायचा?

मामा : कारण रांग नाहीशी होत नाही, ती विखुरते. सर्व्हर काढलास तरी प्रत्येक संगणकावर कप्स चालतेच, आणि प्रत्येकीची स्वतःची स्पूल-निर्देशिका असतेच. चाळीस संगणकांच्या चाळीस रांगा एका प्रिंटरच्या दाराशी उभ्या राहतील, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा पहिला उमेदवार स्वतःला पहिलाच समजेल. कामाला १ ते १०० पर्यंत अग्रक्रम देता येतो, सामान्यतः तो ५० असतो, हे तू जाणतेस. परंतु एका संगणकावर दिलेल्या ८० या अग्रक्रमाला शेजारच्या संगणकावरील ५० कसे ओळखणार? ज्याची जोडणी आधी लागली त्याचे काम आधी, एवढाच न्याय शिल्लक राहतो. शिवाय एका विभागाचे तीन प्रिंटर एका वर्गात घालून जो मोकळा असेल त्याच्याकडे काम जावे ही सोय, आणि प्रत्येकाने ठरावीक मुदतीत किती पाने छापावीत याची मर्यादा, ही दोन्ही सगळी कामे एका ठिकाणी दिसत असतील तरच अर्थपूर्ण ठरतात.

भाची : एका ठिकाणी सगळे आणले म्हणजे एका ठिकाणी सगळे अडते, हेही तितकेच खरे. सर्व्हरवरील ‘व्हार’ विभाग भरला की स्पूलला जागा उरत नाही, आणि मग तीन इमारतींतील छपाई एकाच कारणाने बंद पडते. एलपीडीच्या काळात सुद्धा डिस्कवर किती जागा मोकळी राहिलीच पाहिजे हे सांगणारी ‘मिनफ्री’ नावाची फाइल स्पूल-निर्देशिकेत ठेवता येई, यावरून हा धोका जुनाच आहे असे दिसते.

मामा : धोका जुना आहे, तसा त्याचा बंदोबस्तही जुना आहे. स्पूलसाठी डिस्कचा स्वतंत्र विभाग तोडून द्यावा, म्हणजे दोषांच्या नोंदींनी तो भरणार नाही आणि त्याने दुसरे काही अडणार नाही. स्पूलमध्ये साठते ते मूळ, आटोपशीर दस्तऐवज, हेही लक्षात घे. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ६०० ठिपके या घनतेने आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट देऊन उलगडले, तर ते दहा कोटी बाइटांच्या वर जाते. परंतु ते तसे साठवावे लागत नाही. एका फिल्टरचे उत्पन्न दुसऱ्या फिल्टरच्या मुखात थोडे थोडे जात राहते, आणि शेवटी बॅकएंड ते प्रिंटरला पोचवतो. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेल्या ‘पाइप’चाच हा विनियोग आहे. कोणत्या स्वरूपातून कोणत्या स्वरूपात जाण्यास कोणता फिल्टर, आणि त्या रूपांतराचा भार किती, हे कप्सच्या तक्त्यात लिहिलेले असते, आणि सर्वांत कमी भाराची साखळी व्यवस्था आपली आपण निवडते. तुला प्रिय असलेले स्वयंचलन येथे आहे, आणि ते मला मुळीच खटकत नाही, कारण तो तक्ता कोणालाही उघडून वाचता येतो.

भाची : मग आपल्यातील खरा मतभेद स्वयंचलनाविषयी नाहीच, बिघाड झाला असता काय करावे, याविषयी आहे. कप्समध्ये त्यासाठी चार धोरणे आहेत. काम बिघडले तर ते सोडून द्यावे. तेच काम लगेच पुन्हा करून पाहावे. ते बाजूला ठेवून पुढची कामे चालू द्यावीत आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. किंवा प्रिंटरच थांबवावा आणि काम राखून ठेवावे. दस्तऐवजांत मूळ धोरण म्हणून शेवटचे दिलेले आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते. एका विद्यार्थ्याची फाइल सदोष असावी आणि तेवढ्यासाठी संध्याकाळी आलेल्या सगळ्यांची कामे दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक येईपर्यंत तहकूब राहावीत, यात कोणाचे हित आहे?

मामा : ग्रंथालयात ते अन्यायाचे असेल, परीक्षा विभागात तेच न्यायाचे आहे. गुणपत्रकांचे कागद अनुक्रमांक घालून आधीच छापलेले असतात. काम अर्ध्यावर तुटले, आणि व्यवस्थेने कोणालाही न विचारता तेच काम पहिल्या पानापासून पुन्हा चालवले, तर एकाच विद्यार्थ्याचे गुणपत्रक दोन क्रमांकांच्या कागदांवर निघेल, आणि त्यांपैकी अधिकृत कोणते याचा तंटा पुढे वर्षानुवर्षे चालेल. तेथे यंत्र थांबलेच पाहिजे, कोणीतरी उठून समक्ष पाहिलेच पाहिजे, आणि पाहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ते पुन्हा चालू केले पाहिजे.

भाची : पण यंत्र थांबले आहे हे त्या माणसाला कळायचे कसे? नुसते थांबणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांची हकीकत तुम्हीच मला पूर्वी सांगितली होती. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील जुना प्रिंटर अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्यांना त्यांच्या पडद्यावर तशी सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याच्या प्रोग्रामचा मूळ पाठ मिळेना, आणि ती सुधारणा तेथे करता येईना. मजकूर पाठवून माणसाने आपल्या जागी निर्धास्त बसावे आणि यंत्र तिकडे मुकाट्याने अडून राहावे, ही अवस्था त्यांना सहन झाली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली त्यामागच्या कारणांत हा अनुभव ते स्वतः सांगतात. तेव्हा सर्व्हर ठेवायचाच असेल, तर माझी पहिली अट ही : थांबलेल्या प्रत्येक रांगेची वार्ता ज्याचे काम अडले त्याला आणि ज्याने ती चालू करायची त्याला, अशी दोघांनाही तत्काळ गेली पाहिजे.

मामा : ही अट मी आनंदाने मान्य करतो, आणि माझ्या पिढीने ती पुरेशी पाळली नाही हेही म्हणतो. आम्ही दोषांची नोंद निष्ठेने ठेवत होतो. परंतु ती वाचण्याचा अधिकार आणि सवय दोन्ही आमच्यापुरतीच राहिली. ज्याचा कागद अडला होता त्याला ‘एलपीक्यू’ ही आज्ञा देऊन आपला क्रमांक पाहता येई. तो क्रमांक पुढे का सरकत नाही, हे मात्र आम्हांलाच येऊन विचारावे लागे.

भाची : आता माझी दुसरी अट, आणि तिच्याबाबत तुम्ही कदाचित अडून बसाल. कप्सच्या स्पूल-निर्देशिकेत प्रत्येक कामाच्या दोन प्रकारच्या फाइली असतात : ‘सी’ या अक्षराने सुरू होणारी नियंत्रण-फाइल, जिच्यात कोणी, केव्हा, कोणत्या अटींवर काम दिले हे असते, आणि ‘डी’ या अक्षराने सुरू होणारी, प्रत्यक्ष मजकुराची. मूळ व्यवस्थेत मजकुराची फाइल छपाईनंतर ८६,४०० सेकंद, म्हणजे एक अहोरात्र, राखली जाते. परीक्षेची प्रश्नपत्रिका छापून झाल्यावर तिची प्रत एक दिवस सर्व्हरवर राहावी, हे मला मान्य नाही.

मामा : एखादे पान कागदाला कागद चिकटून कोरे निघाले, तर ती प्रत असल्यामुळेच पुन्हा छापता येते. शिवाय या फाइली सामान्य वापरकर्त्याला उघडता येत नाहीत.

भाची : सामान्य वापरकर्त्याला येत नाहीत, प्रशासकाला येतात, आणि जी गोष्ट प्रशासकानेही पाहू नये, ती त्याच्या हाती राहूच नये. पान कोरे निघाले तर ज्याने प्रश्नपत्रिका आणली तोच पुन्हा पाठवील, कारण त्या क्षणी तो यंत्रापाशी उभा असलाच पाहिजे. कोणी, केव्हा, किती पाने छापली ही नोंद अवश्य राहावी. मजकूर मात्र शेवटचे पान निघताच पुसला जावा. पुसलेली फाइल डिस्कच्या पृष्ठावर तत्काळ नष्ट होत नाही, म्हणून स्पूलचा विभाग सांकेतिक लिपीत बंद ठेवावा, हे त्याला जोडून. आणि येथे मी तुमच्याच बाजूने एक मुद्दा मांडते : सर्व्हर नसेल तर अशा प्रती चाळीस संगणकांवर पसरतील, आणि चाळीस ठिकाणी हा बंदोबस्त मला करता येणार नाही.

मामा : मी अडून बसणार होतो, ते आता बसत नाही. नोंद जपणे आणि मजकूर जपणे यांत भेद करायला हवा, आणि पोच देणाऱ्याने पोचीच्या स्थळप्रतीपलीकडे काही बाळगू नये, हे तुझे म्हणणे माझ्या म्हणण्याहून शुद्ध आहे. मात्र आता तुझ्या योजनेतील शोधाच्या कलमाकडे वळू. प्रिंटरने नेटवर्कवर आपली द्वाही फिरवावी आणि संगणकांनी तिच्यावर विश्वास ठेवावा, ही व्यवस्था घरात ठीक आहे. संस्थेत तिची पहिली अडचण अशी की, ही घोषणा साधारणतः आपल्या उपजाळ्याबाहेर जात नाही, म्हणून एका इमारतीतील प्रिंटर दुसऱ्या इमारतीत दिसतच नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ‘कप्स-ब्राउज्ड’ या सहायक प्रोग्राममधील दोष प्रसिद्ध झाले. ६३१ या पोर्टवर कोठूनही आलेल्या सूचनेवर तो विसंबत असे. त्यामुळे परक्या माणसाला खोटा प्रिंटर संगणकात नोंदवता येई, आणि कोणी अजाणता त्या प्रिंटरकडे काम पाठवले की त्या परक्याची आज्ञा संगणकावर चाले. दोष दुरुस्त झाले. परंतु जो स्वतःचे नाव सांगत येईल त्याला यादीत घ्यावे, या वृत्तीचा धडा त्यात आहे.

भाची : तो धडा मी घेतला आहे. मसुद्यातील शोधाचे कलम मी असे बदलते : यादी माणसाने करावी, वर्णन यंत्राने द्यावे. कोणते प्रिंटर आपले, हे आपण पत्त्यासह लिहायचे. त्यांना काय करता येते, हे आयपीपीने त्यांनाच विचारायचे. आणि संवाद सांकेतिक मार्गानेच चालवायचा. सहायक प्रोग्राम जेथे लागत नाही तेथे तो बंद ठेवायचा.

मामा : आणखी एक गोष्ट त्या मसुद्यात यावी, ती आपल्या मराठीच्या संबंधातली आहे. कार्यालयातील कोणी साध्या मजकुराची फाइल ‘एलपी’ आज्ञेने सरळ छापायला पाठवली आणि ती देवनागरीत असली, तर जुन्या मजकूर-फिल्टरकडून ती नीट उतरत नाही. त्याची घडण एकामागून एक सुटी अक्षरे मांडण्याची आहे. देवनागरीत जोडाक्षर घडवावे लागते, रफार पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, आणि ऱ्हस्व इकार साठवणीत व्यंजनानंतर असला तरी कागदावर त्याच्या आधी यावा लागतो. इंग्रजी पत्र शुद्ध छापले जाते आणि मराठी पत्राची अक्षरे विस्कटतात, ही गोष्ट मराठीत कारभार करणाऱ्या संस्थेने कदापि चालवून घेऊ नये.

भाची : त्यासाठी दोन मार्ग आहेत. पँगो या अक्षरजुळणीच्या साधनावर आधारलेला ‘पॅप्स’ हा प्रोग्राम मजकुराची जुळणी आधी करतो आणि मग तो छपाईकडे देतो. साध्या मजकुरासाठी त्याची योजना करता येते. पण सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे लिहिणाऱ्याच्या संगणकावरच पीडीएफ तयार करून, तिच्यात टंक अंतर्भूत करून, ती पाठवणे. मुक्त प्रणालींवर काम करणाऱ्यांनी २००६ मध्ये छपाईचे मुख्य वाहन म्हणून पोस्टस्क्रिप्टऐवजी पीडीएफ स्वीकारण्याचे ठरवले, त्याचा लाभ आपल्या लिपीला असा होतो की, अक्षरजुळणीचा निर्णय लेखकाच्या डोळ्यांसमोर होऊन जातो, आणि वाटेतल्या कोणत्याही यंत्राला देवनागरी समजण्याची आवश्यकता राहत नाही.

मामा : मग आपला उरलेला मतभेद कोणता?

भाची : एकच. प्राध्यापकांच्या खोल्यांतील एकेकट्या प्रिंटरना मी सर्व्हरखाली आणणार नाही. जेथे एकच माणूस छापतो तेथे न्यायनिवाडा करण्यासारखे काही नसते, आणि यंत्र त्याच्या हाताशी असल्याने वार्ता पाठवण्याचीही गरज नसते. सामायिक प्रिंटर मात्र सगळे सर्व्हरवर : ग्रंथालयाच्या रांगेला काम बाजूला ठेवून पुन्हा प्रयत्न करण्याचे धोरण, परीक्षा विभागाच्या रांगेला यंत्र थांबवण्याचे. धोरण प्रत्येक रांगेला वेगळे लावता येते, म्हणून एकाच नियमाचा हट्ट आपण दोघांनीही सोडायला हरकत नाही.

मामा : मी तेही सर्व्हरखाली घेतले असते, कारण आज एकट्याचा असलेला प्रिंटर उद्या चौघांचा होतो, आणि ते कोणी कळवीत नाही. परंतु व्यवस्थेची जबाबदारी तुझी आहे, आणि ज्याच्यावर जबाबदारी त्याचा निर्णय, हे तर मी आरंभापासून म्हणतोच आहे. मात्र प्रत्येक कलमापुढे त्याचे कारण एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे तुझ्यानंतर येणाऱ्याला ते बदलतानाही आधार राहील.

येथे संवाद थांबला, आणि एक मुद्दा दोघांतही अनिर्णित राहिला. तो तसा राहण्यास माझी हरकत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते दोघांनीही शेवटी मान्य केले : यंत्राविषयीची माहिती यंत्राकडून घेण्यात माणसाचे काही उणे होत नाही, परंतु कोणाला आधी, कोणाला नंतर, बिघडल्यास थांबावे की पुढे जावे, आणि झाल्यावर काय जपावे व काय पुसावे, हे यंत्रावर सोपवले तर ते ठरत नाही, केवळ घडून जाते, आणि घडून गेलेल्या गोष्टीचा खुलासा कोणाकडे मागावा हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एक दाखला छापून हवा असतो, त्याला एलपीडी आणि आयपीपी यांतील भेदाशी कर्तव्य नसते. आपला कागद घेतला गेला आहे का, आणि घेतला असल्यास तो कोठे अडला आहे, एवढेच त्याला विचारायचे असते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर विचारताक्षणी मिळेल, आणि ते देण्यास बांधील असलेल्या माणसाचे नाव रांगेच्या वर्णनात लिहिलेले असेल, अशी छपाईची व्यवस्था लावणे हे प्रत्येक संस्थेच्या संगणक-व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे. आणि युनिक्सने त्यासाठी लागणारी सर्व साधने त्याच्या हाती दिलेली असल्याने, ते न करण्यास त्याला सबब उरलेली नाही.